कोरडवाहू शेतीत या चुका टाळा

एकरभर रानावर २५ मिलिमीटर पाऊस झाला, की सुमारे एक लाख लिटर पाणी पडलेलं असतं. सोलापूर, बीड, जालन्याकडच्या दोन-चार एकरवाल्याचं खरं भांडवल हेच. बांधावरून वाहून गेलेलं हे पाणी कर्ज काढून बोअर घेतला तरी भरून निघत नाही.

पहिल्याच पावसावर पेरणी. शेजाऱ्याची तिफण निघाली की आपलाही जीव राहत नाही. पण वर चार बोटं ओल आणि खाली कोरडं असेल, तर आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत मोड करपतात आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. सोयाबीन घरचं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ७० पेक्षा कमी उगवले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरणार नाही.

उताराच्या दिशेने पेरणी. पाणी जातंच, सोबत मातीही जाते. पेरणी उताराला आडवीच करा.

तण नाही म्हणून कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं, नाही. रब्बी ज्वारीत ही चूक सगळ्यात महागात पडते. मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानात मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. पुढे जमीन उलते आणि त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळप्याने भुसभुशीत झालेली माती भेगा बुजवते. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा. शेवटची दातेरी कोळप्याने. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे जुन्या माणसांचं बोलणं अनुभवाचं आहे. बैलजोडी नसेल तर हाताने ढकलायचं सायकल कोळपं चालवा, पण पाळी चुकवू नका.

बोअरच्या पाण्याने शेततळं भरणं. हे मला मनापासून खटकतं. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, साऱ्या शिवाराचं पाणी उपसून उन्हात वाफ व्हायला ठेवायचं कशासाठी? शेततळ्यात ओघळीचं पाणी यावं, आत शिरण्याआधी गाळ अडवायला खड्डा असावा आणि साठलेलं पाणी फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना एखाद्या पाळीसाठी राखावं. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. तिथे पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरतात. एकट्या शेतकऱ्याला हे जमणार नाही, गावालाच बसून ठरवावं लागतं.

सगळं रान एकाच पिकाखाली. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्या. बाजरीला फटका बसला तरी तुरीची मुळं खोल जाऊन उशिराच्या पावसावर तग धरतात. तुरीचा गळलेला पाला पेटवू नका. कुळवाची पाळी घालून तिथेच मातीत मिसळा.