मॅगझिनच्या नकाशातला गोठा

मुलाखतीत रसायनशास्त्र विचारतील म्हणून दोन रात्री घोकंपट्टी केली होती. साहेबांनी विचारलं, "अक्षर कसं आहे तुझं?"

मायनिंगचा डिप्लोमा करून मी नागपूरजवळच्या एका स्फोटकांच्या डेपोत परवान्यांच्या कामाला लागलो. आईला वाटे पोरगा बारूद हाताळतो. पोरगा सहा महिने सातबारा आणि नकाशे हाताळत होता.

या कामात पडणार असाल तर आधी कागद ओळखा. मूळ कायदा १८८४ चा, पण रोजचा संबंध २००८ च्या स्फोटक नियमांशी. स्फोटक बनवायचं असेल तर एलई-१ नावाचा परवाना, बाळगायचं किंवा विकायचं असेल तर एलई-३, गाडीतून न्यायचं असेल तर एलई-७. स्फोटकांचा कच्चा माल असलेल्या अमोनियम नायट्रेटला २०१२ चे वेगळेच नियम आहेत, नवे लोक हमखास तिथे चुकतात. परवाने देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच सेमिनरी हिल्सवर आहे. हे खातं पोलिसांचं किंवा संरक्षणाचं नाही, वाणिज्य मंत्रालयाखालचं. हे मला रुजू झाल्यावर कळलं.

परवाना माणसापेक्षा जागेला मिळतो, असं मी म्हणतो. मॅगझिन म्हणजे स्फोटकं साठवायचं कोठार; त्याच्यापासून घरं, रस्ता, रेल्वे किती दूर हवी, ते मालाच्या प्रकारावर आणि वजनावर ठरतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या ना-हरकतीसाठीही जागेची चौकशी होते.

इथेच मी शेण खाल्लं. जुना नकाशा समोर ठेवून नवा काढला, शिवारात पाय न ठेवता. साहेबांनी टेप घेऊन मला उन्हात नेलं. धुऱ्यापलीकडे नवा गोठा, त्याला लागून राहती खोली. शेतकरी काका म्हणाले, "काहून भाऊ, मागच्या पावसाळ्यातच बांधला ना!" अंतर कमी भरत होतं. खोली हलणार नव्हती, म्हणून अर्जातला साठा घटवला. तेव्हापासून नकाशा काढायच्या आधी पटवाऱ्याला भेटतो आणि स्वतः चालून येतो.

परवाना मिळाल्यावर खरी कटकट सुरू होते. आलेला, दिलेला, उरलेला माल त्याच दिवशी रजिस्टरात नोंदवायचा. डिटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या नळ्या, बाकी स्फोटकांसोबत ठेवायचे नाहीत, त्यांची खोली वेगळी. खाडाखोड दिसली की तपासणीत तासभर प्रश्न. रजिस्टर कोरं ठेवून "उद्या लिहू" म्हणणारा मॅगझिन कीपर कितीही गोड बोलला तरी त्याच्या भरवशावर सही करू नका. नियम बदलतात तेही बघत राहा: इलेक्ट्रिक डिटोनेटर एप्रिल २०२५ पासून बंद झाले आणि आमच्या रजिस्टरातला एक अख्खा रकाना रिकामा राहिला.

परवान्याची मुदत संपायची तारीख ३१ मार्च. त्या महिन्यात लग्नाचं आमंत्रण आलं की मी आईलाच पाठवतो.