स्वयंपाकघरातल्या फळ्या आणि कपाटं: आधी डबे मोजा, मग सुताराला बोलवा

नवं स्वयंपाकघर करायचं म्हटलं की पहिली चर्चा सनमायकाच्या रंगाची होते, दुसरी ट्रॉल्यांची. फळी किती खोल हवी आणि दोन फळ्यांमध्ये किती अंतर हवं, हे मात्र सुतार आपल्या सवयीने ठरवून टाकतो: खोली १२ इंच, अंतर १२ इंच. मग सहा इंची डब्यांच्या दोन रांगा लागतात, मागच्या रांगेतला साबुदाणा थेट पुढच्या आषाढीला सापडतो, आणि डब्यांच्या डोक्यावर उरलेल्या पाच इंचांत प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबल्या जातात. खालचा क्रम फ्लॅटमधल्या नेहमीच्या, ८ बाय ७ फुटांच्या, एका भिंतीला सरळ ओटा असलेल्या स्वयंपाकघरासाठी आहे. जागा मोठी असेल तरी क्रम हाच ठेवा.

पायरी १: सामान बाहेर काढून मोजा

एका सुट्टीच्या दिवशी सगळं सामान बाहेर मांडा आणि त्याचे ढीग करा. रोज लागणारं एकीकडे: चहा-साखर, मिसळणाचा डबा, तवा, पोळपाट-लाटणं, रोजचा कुकर, ताटं-वाट्या. आठवड्यातून एकदोनदा लागणारं दुसरीकडे: कडधान्यं, इडलीपात्र, मोठी कढई. वर्षातून एकदोनदा निघणारं तिसरीकडे: चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, मोठी परात, फराळाचे डबे. झाकण हरवलेल्या डब्यांचा आणि डबा हरवलेल्या झाकणांचा चौथा ढीग आपोआप तयार होतो. त्याच्यासाठी फळी बांधायची नसते.

आता टेप घ्या. प्रत्येक प्रकारच्या भांड्याचा व्यास आणि झाकणासकट उंची लिहून काढा. अंदाज यावा म्हणून काही मापं:

– जेवणाचं ताट ११ ते १२ इंच.
– ६ इंच व्यास आणि ७ इंच उंचीच्या स्टीलच्या डब्यात सुमारे ३ लिटर जागा असते, म्हणजे अडीच किलो तूरडाळ.
– १० किलो तांदळाला साडेबारा लिटर जागा लागते. १० इंच व्यासाचा, १० इंच उंच डबा त्यात काठोकाठ भरतो.
– कणीक तांदळापेक्षा हलकी असते, म्हणून ५ किलोलाच ९ ते १० लिटरचा डबा लागतो. डबे किलोवर घेतले की इथे हमखास फसगत होते.
– लांब दांड्याचा ५ लिटरचा कुकर दांड्यासकट १६ इंचांच्या आसपास जातो. १२ इंच खोल फळीवर तो आडवाच ठेवावा लागतो.
– जार बसवलेला मिक्सर १६ ते १८ इंच उंच होतो.

यावरून दोन साधे हिशेब. फळीची खोली म्हणजे डब्याचा व्यास अधिक १ इंच. दोन फळ्यांमधलं अंतर म्हणजे सर्वांत उंच डबा अधिक २ इंच, कारण डबा उचलून बाहेर काढायला बोटांना तेवढी जागा लागते. म्हणजे सहा-सात इंची डब्यांना ८ इंच खोल आणि ९ इंच अंतराच्या फळ्या पुरतात. ८ फूट भिंतीवरच्या अशा एकाच फळीवर १४ डबे एका रांगेत बसतात आणि प्रत्येक डबा समोर दिसतो. १२ इंच खोली फक्त ताटं, परात आणि मोठ्या डब्यांसाठी राखून ठेवा.

पायरी २: हात कुठवर पोहोचतो ते भिंतीवर आखा

घरात सर्वांत जास्त स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ओट्याला टेकून उभं करा आणि टाचा न उचलता हात वर करायला सांगा. ओट्याची २४ इंच खोली आडवी येत असल्यामुळे हा पल्ला मोकळ्या भिंतीपाशी असतो त्यापेक्षा बराच कमी भरतो. बोटं टेकतात तिथे खडूने रेघ मारा. रोजची प्रत्येक वस्तू या रेघेच्या खाली यायला हवी, आठवड्याची तिच्या थोडी वर चालेल. वर्षातून निघणारं सामान ७ फुटांवरच्या माळ्यावर.

जड वस्तू मात्र कंबरेच्या वर नकोच. तांदळाची कोठी, लोणच्याची चिनी मातीची बरणी, बिडाचा तवा, खलबत्ता ओट्याखाली. स्टुलावर चढून भरलेली बरणी उतरवताना दोन्ही हात अडकलेले असतात, आणि बहुतेक पडझड तिथेच होते.

ओट्याच्या पृष्ठापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत २२ ते २४ इंच मोकळे सोडा. १८ इंच ठेवले तर मिक्सरचं झाकण काढताना हात कपाटाला आपटतो. चिमणी बसवणार असाल तर तिची उंची शेगडीवरून मोजतात, २६ ते ३० इंच, आणि तिच्या माहितीपुस्तिकेतला आकडा अखेरचा धरतात.

पक्कं करण्याआधी वर्तमानपत्राचे कागद फळ्यांच्या मापाने कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच स्वयंपाक करा. डोकं कुठे आपटणार, खिडकीचं दार कुठे अडणार आणि कोणतं बटण झाकलं जाणार, हे कागदावरच कळतं.

पायरी ३: कोणत्या सामानाला कोणता प्रकार

एकच प्रकार सगळीकडे वापरायचा हट्ट नको. रोजच्या स्वयंपाकघरात तीनचार प्रकार एकत्रच नांदतात.

उघडी फळी स्वस्त, पटकन हाताशी येणारी, आणि साफसफाईला सर्वांत कटकटीची. फोडणीची वाफ तेल घेऊनच वर जाते. शेगडीच्या दोन्ही बाजूंना तीनेक फुटांच्या आत उघडी फळी असेल तर डब्यांवर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. तिथे रोज हाताळली जाणारी, म्हणजे रोज धुतली जाणारी भांडीच ठेवा. मसाले तर शेगडीच्या वर कधीच नकोत. उष्णतेने तिखटाचा रंग उतरतो आणि वाफेने हळद-धणेपुडीच्या गुठळ्या होतात.

स्टीलची मांडणी आता जुनाट समजली जाते, पण ताटं, वाट्या, पेले, डाव आणि झारे यांसाठी तिच्याइतकी सोयीची वस्तू अजून तरी नाही. भांडी ओली ठेवली तरी वारा लागून वाळतात, एकेक ताट उभं असल्याने ढीग उचलावा लागत नाही. फक्त ती सिंकच्या बाजूला हवी आणि खाली ठिबकणाऱ्या पाण्यात मिक्सरचा प्लग नको.

दारांची कपाटं डाळी, पिठं आणि काचेच्या सामानासाठी. आतल्या फळ्या कायमच्या ठोकून घेऊ नका. बाजूच्या फळ्यांना दर २ इंचांवर भोकं पाडून खुंट्यांवर फळी टेकवायला सांगा, म्हणजे डबे बदलले तरी अंतर बदलता येतं. सुतार कुरकुर करतो, कारण भोकं दोन्हीकडे सारख्या उंचीवर यावी लागतात. करून घ्याच.

ओट्याखाली मात्र दारापेक्षा खण किंवा ट्रॉली बरी. २२ इंच खोल कप्प्यातलं मागचं पातेलं काढायला गुडघे टेकावे लागतात, तेच ट्रॉली ओढली की वरून दिसतं. तारेच्या ट्रॉल्या साधारण ४, ६ आणि ८ इंच उंचीच्या येतात: ४ इंचांत चमचे-सुऱ्या, ६ इंचांत कप-वाट्या, ८ इंचांत पातेली. २४ इंच उंचीच्या कप्प्यात दोनच ट्रॉल्या बसवा आणि खालची उंच ठेवा. तीन बसवण्याच्या नादात कुकर कशातच मावत नाही. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्टीला, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कप्प्याच्या रुंदीपेक्षा १ इंच कमी. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात, म्हणून कप्पा पुढे, मध्ये आणि मागे असा तीनदा मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. चॅनल ४५ किलो क्षमतेचे आणि पूर्ण बाहेर येणारे घ्या. स्वस्तातले चॅनल तीन-चतुर्थांशच उघडतात आणि मागचे डबे पुन्हा अंधारात जातात.

कांदे-बटाट्यांसाठी जाळीच्या दोन वेगळ्या टोपल्या ठेवा. एकत्र ठेवले तर बटाट्यांना लवकर मोड येतात.

पायरी ४: साहित्य निवडा

ओलीचा संबंध येतो तिथे पार्टिकल बोर्ड नको. पाणी लागलं की तो फुगतो, मग बिजागरीचे स्क्रू पकड सोडतात आणि दार लोंबतं. ओट्याखाली आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय, वरच्या कोरड्या कपाटांना बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या) दर्जाचा प्लाय पुरतो. छापावर पूर्ण विश्वास नसेल तर दोन इंचांचा तुकडा मागून घ्या आणि जुन्या पातेल्यात ४ तास उकळा. थर सुटले तर माल परत. कापलेली प्रत्येक कड पट्टी लावून बंद व्हायला हवी, मागची आणि खालचीसुद्धा. दिसत नाही म्हणून तीच सोडली जाते आणि पाणी तिथूनच शिरतं.

कडप्पा अजूनही उत्तम. वाळवी नाही, पाण्याचं भय नाही. पण तो चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे लिंबू, कोकम किंवा व्हिनेगर सांडून राहिलं की पांढरट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. दुसरं म्हणजे वजन. ३ बाय १ फुटाची, २० मिलिमीटर जाड एकटी फळीच १५ किलोच्या आसपास भरते. तिला भिंतीत खाच पाडून बसवतात किंवा उभ्या कडप्प्यावर टेकवतात. नुसत्या ब्रॅकेटवर नको.

स्टीलची ट्रॉली किंवा मांडणी घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. त्या परीक्षेला अर्थ नाही. ३०४ आणि २०२ हे स्टेनलेस स्टीलचे दोन्ही प्रकार चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, फरक त्यांतल्या निकेलचा आहे: ३०४ मध्ये सुमारे ८ टक्के, २०२ मध्ये त्याच्या जवळपास निम्मं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत २०२ बरीच वर्षं निभावतं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत जोडांवर लवकर गंज धरतं. तिथे ३०४ घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या.

पायरी ५: भार मोजा, मग भोक पाडा

मघाच्या १४ डब्यांचा हिशेब करा. डाळ अडीच किलो, डबा अर्धा किलो, म्हणजे एका फळीवर ४२ किलो. १८ मिलिमीटरचा प्लाय ३-४ फूट आधाराशिवाय सोडला तर वर्षभरात मध्ये झोळ येतो. दर २ फुटांवर ब्रॅकेट हवं, ८ फुटांना पाच.

भिंत कशाची आहे त्यावर पकड ठरते. विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरची गिट्टी (भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) आणि दोन इंची स्क्रू चालतो, पण भोक विटेत हवं, सांध्यातल्या सिमेंटमध्ये नको. गिलाव्याची जाडीच अर्धा-पाऊण इंच असते, त्यामुळे आखूड स्क्रू नुसता गिलावा धरतो आणि त्याच्यासकट खाली येतो. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकना साधी गिट्टी ढिली पडते. त्यांच्यासाठीची वेगळी लांब गिट्टी मागा. नव्या टॉवरमधल्या ओतीव काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागतं, आणि तिथे खाच पाडायचीच नाही, कारण ती भिंत इमारतीचा भार घेत असते. स्विचबोर्डच्या किंवा नळाच्या सरळ वर-खाली कुठेही भोक नको. वायर आणि पाइप त्याच रेषेत गेलेले असतात.

पायरी ६: तीन अवघड जागा

सिंकखाली लाकूडकाम शक्य तितकं कमी. गळती तिथेच होते आणि झुरळंही तिथेच. तळाला प्लाय न घालता फरशीच ठेवा, दार पीव्हीसीचं करा, आत कचऱ्याचा डबा आणि फिनेल एवढंच.

सिलिंडरचा कप्पा बंद पेटीसारखा करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून दाराला तळाशी जाळी हवीच, वरही असावी. सिलिंडर साधारण १३ इंच रुंद असतो, पण तिरका करून आत सरकवायला १६ इंचांचं तोंड ठेवा. पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणून वरची जाळी महत्त्वाची. मीटर आणि बंद करायचा कॉक कपाटात गाडू नका.

कोपऱ्यातल्या फिरत्या चकत्या दुकानात छान दिसतात. गोल चकतीमुळे कोपरे वाया जातात आणि लाटणं मागे पडलं की चकती अडते. ओटा एल आकाराचा असेल तर त्या कोपऱ्यात साधा खोल कप्पा ठेवून मोदकपात्र आणि जादाची पातेली टाका.

भाड्याच्या घरात यातलं काहीच ठोकता येत नाही. तिथे १२ इंच खोलीचा लोखंडी रॅक, पाय भिंतीला चिकटून, सर्वांत खाली तांदूळ-कणीक आणि वर हलके डबे, एवढं केलं तरी निभतं. रॅक डुलत असेल तर पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी घाला, म्हणजे तो भिंतीकडे कलतो.

सुताराचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक ट्रॉली पूर्ण भरून दहा वेळा आत-बाहेर करा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली हात फिरवून बघा. शेजारच्या दोन ट्रॉल्यांच्या मुठी एकमेकींना अडतात का, फ्रीजचं दार उघडलं की समोरचा खण अडकतो का, हेही त्याच दिवशी पाहा, कारण मुठीची जागा बदलणं तेव्हा दहा मिनिटांचं काम असतं.