‘मेनी’ की ‘मच’? आधी नाम पारखावे

मराठीत आपण ‘किती माणसे’ म्हणतो आणि ‘किती पाणी’ही म्हणतो, ‘खूप’, ‘थोडे’, ‘कमी’ हे शब्दही दोन्हींकडे सारखेच चालतात. इंग्रजीत मात्र हे शब्द निवडण्यापूर्वी पुढचे नाम गणनीय (एक, दोन असे मोजता येणारे) आहे की अगणनीय (तसे न मोजता येणारे), हे पाहावे लागते आणि आपल्या बहुतेक चुका याच पायरीवर होतात.

नाम पारखताना मराठी कानावर विसंबू नये. सल्ले, बातम्या, केस आणि पैसे हे मराठीत अनेकवचनी असले, तरी ‘ॲडव्हाइस’, ‘न्यूज’, ‘हेअर’ आणि ‘मनी’ ही नामे या अर्थांनी अगणनीय असून त्यांच्यासोबत एकवचनी क्रियापदच येते; म्हणून शेवटी ‘एस’ दिसत असूनही ‘द न्यूज इज गुड’ असेच लिहावे. पैसे तर आपण रोज मोजतो, पण इंग्रजीच्या दृष्टीने मोजली जातात ती नाणी आणि नोटा, ‘मनी’ नव्हे. दोन सल्ले सांगायचे असतील, तर ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे. शंका आल्यास विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडावा. त्यात बहुधा गणनीय अर्थापुढे ‘सी’ आणि अगणनीय अर्थापुढे ‘यू’ हे अक्षर छापलेले असते.

एवढे ठरले की पुढचे काम सोपे आहे. गणनीय अनेकवचनाला ‘मेनी’, ‘फ्यू’, ‘सेव्हरल’, ‘फ्युअर’ आणि अगणनीयाला ‘मच’, ‘लिटल’, ‘लेस’ लावावे. ‘सम’, ‘इनफ’ आणि ‘अ लॉट ऑफ’ दोन्हींना चालतात. साध्या होकारार्थी वाक्यात ‘मच’पेक्षा ‘अ लॉट ऑफ’ अधिक स्वाभाविक वाटते. क्रियापद मात्र नामाप्रमाणे बदलते: ‘अ लॉट ऑफ वॉटर इज’, पण ‘अ लॉट ऑफ पीपल आर’.

सर्वाधिक जपावे ते ‘अ’ या एका अक्षराला. ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मला काही मित्र आहेत; ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मला फारसे मित्रच नाहीत. ‘अ लिटल होप’ आणि ‘लिटल होप’ यांतही हेच अंतर आहे; पहिल्यात थोडी का होईना आशा उरते, दुसऱ्यात ती जवळजवळ संपलेली असते.

काही नामे अर्थानुसार गट बदलतात. ‘मच टाइम’ म्हणजे पुष्कळ वेळ, तर ‘मेनी टाइम्स’ म्हणजे अनेकदा. ‘पेपर’ म्हणजे कागद असेल तर अगणनीय, वर्तमानपत्र असेल तर गणनीय.