मदरबोर्ड बदलताय? फॉरमॅट राहू दे, स्क्रू काढायच्या आधी एवढं करा

बोर्ड गेला म्हटलं की दुकानात पहिलं वाक्य ठरलेलं असतंय, "विंडोज नवीन टाकावं लागणार." विंडोज ७ च्या काळात ते बऱ्यापैकी खरं होतं, बोर्ड बदलला की निळा स्क्रीन यायचा आणि विषय संपायचा. १० आणि ११ मात्र बहुतेक वेळा नवीन बोर्ड बघून आपले आपण ड्रायव्हर लावून घेतात. आणि खरं सांगायचं तर त्रास विंडोज टाकायचा नसतोच, मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीवरचं हिशोबाचं टॅली, जीएसटीसाठी लागणारं सहीचं टोकन, प्रेसवाल्याचं मराठी फॉन्टचं श्रीलिपी आणि कुठंच न मिळणारा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, हे सगळं परत बसवताना जीव जातोय.

जुना बोर्ड अजून चालू असेल तर सगळ्यात आधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघा. कंट्रोल पॅनलमधून ते सस्पेंड करायचं आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवायची. होम एडिशनवाल्यांनी "आमच्यात बिटलॉकर नसतंय" म्हणून सोडू नका, तिथं डिव्हाइस एन्क्रिप्शन नावानं तेच बसलेलं असू शकतं. बोर्ड आधीच मेला असेल तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन की मिळते का बघा. आणि अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना? रोज चार आकडी पिन टाकून आत जायची सवय असते, पण तो पिन जुन्या बोर्डच्या टीपीएमशी (सुरक्षेची चिप) बांधलेला असतो, नवीन बोर्डवर तो चालायचा नाही.

आता लायसन. रनमध्ये (विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबली की उघडतं) एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलआय (slmgr /dli) टाका, एक छोटी खिडकी येते. रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, दिसलं तर लायसन नवीन बोर्डवर नेता येतं, त्यासाठी विंडोज आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. ओईएम, म्हणजे मशीनबरोबर आलेलं, असेल तर ते जुन्या बोर्डबरोबरच गेलं असं धरा. आणि व्हॉल्यूम दिसलं आणि तुम्ही कुठल्या मोठ्या कंपनीत नाही, तर दुकानदारानं काय टाकलंय ते समजून घ्या. टॅलीचं लायसनपण मशीनला बांधलेलं असतंय, ते आधी सरेंडर करा, नाहीतर एज्युकेशनल मोडमध्ये उघडतंय आणि महिन्यातल्या दोन-तीन तारखा सोडून एंट्रीच घेत नाही.

अजून एक गोष्ट बघायचीच, आणि नेमकी हीच कुणी बघत नाही. रनमध्ये एमएसइन्फो३२ (msinfo32) टाकून बायोस मोड बघा, बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर. यूईएफआय, म्हणजे सुरू व्हायची नवीन पद्धत, असेल तर निवांत. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर थांबा, कारण बऱ्याच नवीन बोर्डांवर लेगसी बूट होतच नाही, डिस्क बायोसमध्ये दिसते पण विंडोज काही सुरू होत नाही आणि मग लोक म्हणतात बघ, फॉरमॅटच मारायला पाहिजे होतं. विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आतच येतं, त्यानं डेटा न उडवता त्याच डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीवर नेता येते, फक्त आधी व्हॅलिडेट (तपासणी) करा, मग कन्व्हर्ट, आणि हे बोर्ड काढायच्या अगदी आधीचं काम.

नवीन बोर्डचा लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत बोर्ड घ्यायला जाताना जुन्या प्रोसेसरचं आणि रॅमचं नाव लिहून न्या, डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही.

उघडायचं काम त्या मानानं सोपं. मेन वायर काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, पुढच्या पॅनलच्या बारक्या वायरींचा फोटो काढा. एएमडी एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, आधी हलका फिरवा, खालची थर्मल पेस्ट चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. इंटेलमध्ये पिना बोर्डवर असतात, तिथं बोट लावू नका. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) नवीन बोर्डच्या भोकांशी जुळवा, जास्तीचा एखादा खाली राहिला तर शॉर्ट होऊ शकतं. पेस्ट नवीन लावा. २४ पिनची वायर सगळे लावतात, प्रोसेसरची ८ पिनची विसरतात, मग फॅन फिरतो आणि स्क्रीन काळा.

पहिल्यांदा चालू केल्यावर थेट बायोसमध्ये जा. साटा मोड (डिस्क बोर्डशी कशी जोडायची ती सेटिंग) जुन्यावर एएचसीआय होता तर इथंपण तोच ठेवा, नवीन इंटेल बोर्डवर व्हीएमडी नावाची डिस्कचीच सेटिंग चालू असेल तर बंद करा. निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस आलं तर घाबरून फॉरमॅट मारायच्या आधी हीच सेटिंग परत बघा. विंडोज ११ असेल तर टीपीएम चालू करा, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावानं असतंय. मग "गेटिंग डिव्हाइसेस रेडी" येईल, एक-दोनदा रीस्टार्टपण होईल, मधेच बटण दाबू नका, चहा घेऊन या.

आत गेल्यावर आधी लॅन, मग चिपसेटचा ड्रायव्हर, मग विंडोज अपडेट. ॲक्टिव्हेशन गेलेलं दिसलं तर सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचा ट्रबलशूटर चालवून "हार्डवेअर नुकतंच बदललंय" हा पर्याय निवडा आणि लिस्टमधून आपलं मशीन घ्या. बिटलॉकर परत चालू झालंय का तेवढं बघा, टॅली ॲक्टिव्हेट करा, सहीचं टोकन लावून पोर्टलवर एकदा लॉगिन करून बघा. बॅकअपची डिस्क मात्र महिना संपून रिटर्न भरून होईपर्यंत पुसू नका.