मोटरहोमने इंग्लिश खाडी ओलांडताय? या चुका टाळा

लेस्टरला किंवा वेम्बलीला भाऊ, मेहुणा, मावशी नाही असं मराठी घर बडोद्यात शोधावं लागेल. त्यामुळे उन्हाळ्यात मोटरहोम, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन इंग्लंड आणि फ्रान्स एकाच दौऱ्यात करायची टूम आता रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत पोचली आहे. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो: "बोट स्वस्त की बोगदा?"

बोगदा म्हणजे खाडीखालून जाणारी आगगाडी, आपली गाडी तिच्या डब्यात चढवून न्यायची. पण बोट की बोगदा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी व्हिसा, मग गाडीचे कागद, मग गाडीची मापं. या तिन्हींनंतर जे पर्याय उरतात, त्यांतच भाडं बघायचं. तिकीट आधी काढून बाकीचं "होईल तिथं गेल्यावर" म्हणणारे दरवर्षी अडकतात, आणि अडकतात ते त्याच त्याच ठिकाणी.

व्हिशावरचा एन्ट्रीचा रकाना न वाचणं

दांडिया बाजारातल्या एका कुटुंबाने ॲमस्टरडॅमला मोटरहोम घेतलं. बेल्जियम, फ्रान्सचं कॅले, तिथून बोगद्याने इंग्लंड, आठवडाभर नातेवाइकांकडे आणि त्याच रस्त्याने परत, असा बेत होता. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा होता, ब्रिटन त्यात येत नाही म्हणून ब्रिटनचा व्हिसाही होता. कॅलेहून जाताना काहीच अडलं नाही. परतताना फोकस्टनला, म्हणजे बोगद्याच्या इंग्लंडकडच्या टोकाला, फ्रेंच अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. शेंगेनच्या स्टिकरवर एन्ट्रीच्या रकान्यात ०१ होतं. ती एक एन्ट्री ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर वापरून झाली होती. इंग्लंडला गेल्यावर ते शेंगेनच्या बाहेर पडले आणि परत आत यायचा हक्क संपला.

लेस्टरच्या भावाकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. तो गाडी घेऊन जायला तयारही झाला, पण भाडेकरारात चालक म्हणून त्याचं नाव नव्हतं. शेवटी गाडी न्यायला भाड्याच्या कंपनीचा माणूस आला, त्याचा खर्च अनामतीतून वळता झाला, ॲमस्टरडॅमहून काढलेली विमानाची तिकिटं बुडाली आणि लंडनहून नवी काढावी लागली.

हे फोकस्टनलाच का घडलं? कारण बोगद्यासाठी १९९१ चा आणि बंदरांसाठी २००३ चा ब्रिटन-फ्रान्स करार आहे. त्यानुसार फ्रेंच तपासणी ब्रिटनच्या जमिनीवर होते आणि ब्रिटिश तपासणी फ्रान्सच्या जमिनीवर. डोव्हरच्या बंदरातही तेच. इंग्लंडच्या हार्विचहून बोटीने नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंडला गेलात तर शेंगेनची तपासणी उतरल्यावर होते, पण बोटवाले चेक-इनलाच व्हिसा बघतात. म्हणजे मार्ग बदलून सुटका नाही.

उपाय एकच. अर्ज भरतानाच मल्टिपल एन्ट्री मागा आणि जाण्या-येण्याची दोन्ही बुकिंगं अर्जाला जोडा. ती बुकिंगं तारीख बदलता येणारी घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने पंधरा दिवस आधीची मुदत असली तरी उन्हाळ्यात त्या भरवशावर बसू नका. स्टिकर हातात आला की अहमदाबादहून निघायच्या आधी तो रकाना वाचा. तिथे 'मल्ट' अशी रोमन अक्षरं हवीत. ०२ असेल तर वर दिल्यासारख्या दौऱ्याला पुरेल, तिसऱ्यांदा आत जाता येणार नाही.

याचंच दुसरं रूप म्हणजे ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिशावर लंडनला जायचं आणि शेंगेन तिथून काढू म्हणायचं. फिरायला आलेल्यांचे अर्ज तिथल्या फ्रेंच वकिलातीकडे सहसा घेतले जात नाहीत. ते राहत्या देशातून करायचे असतात. आपल्याला म्हणजे भारतातून.

लायसन्सवर एलएमव्ही आहे म्हणून निश्चिंत राहणं

आपल्याकडे एलएमव्ही म्हणजे ७,५०० किलोपर्यंतचं वाहन. ब्रिटनमध्ये आणि युरोपात साध्या कारच्या लायसन्सची हद्द ३,५०० किलोला संपते, आणि हे वजन सामानासकट धरतात. सहा जणांची प्रशस्त मोटरहोम अनेकदा त्यावर जाते. म्हणून ३.५ टनांच्या आतलीच गाडी घ्या आणि दरजीपुऱ्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. ते एक वर्षच चालतं, फार आधी काढू नका. आणि झोपायच्या जागा सहा म्हणजे पट्ट्याच्या सीट सहा, असं गृहीत धरू नका. चार पट्टे असतील तर चारच माणसं.

भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायची परवानगी न घेणं

ब्रिटनमध्ये घेतलेली भाड्याची गाडी बाहेर न्यायला 'व्हीई १०३' नावाचं प्रमाणपत्र लागतं. ते कंपनीच देते, सहसा वेगळे पैसे घेऊन. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मागितलं तर मिळेलच असं नाही.

माहितीपत्रकातली उंची-लांबी बुकिंगमध्ये भरणं

या चुकीने सगळ्यात जास्त मोटरहोमवाले चेक-इनच्या खिडकीवर थांबतात. पत्रकात लिहिलेलं असतं २.८५ मीटर उंच, ६.९ मीटर लांब. पण गाडीच्या छतावर एसीची पेटी असते, मागे सायकल-रॅक असतो. खरी उंची निघते ३.०५ आणि लांबी साडेसात. बोटीचं भाडं लांबी-उंचीवर ठरतं. फरक निघाला की खिडकीवरच वरचे पैसे मोजा, आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा.

उंचीचा फटका पुढेही बसतो. फ्रान्सच्या टोलरस्त्यांवर २ ते ३ मीटर उंचीची गाडी दुसऱ्या वर्गात धरतात, ३ मीटर किंवा त्याहून उंच असेल तर तिसऱ्या वर्गात. पाच सेंटिमीटरसाठी दौराभर जास्त टोल. बोगद्याच्या आगगाडीत १.८५ मीटरपेक्षा उंच वाहनं एकमजली डब्यात जातात, म्हणजे मोटरहोम तिथेच. चुकून कार म्हणून बुकिंग केलं तर ते निरुपयोगी.

माप घ्यायची पद्धत सांगते. गाडी सपाट जमिनीवर उभी करा. छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर सरळ काठी आडवी धरा, लेव्हलने तपासा, आणि काठीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडा. लांबी पुढच्या बंपरपासून रॅकच्या टोकापर्यंत, रॅक बंद धरून नव्हे, सायकली लावून. दोन्ही आकडे कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर काचेच्या कोपऱ्यात चिकटवा. मीटरबरोबर फुटांतही लिहा, कारण ब्रिटनमध्ये पुलांच्या पाट्यांवर फूट असतात.

गॅसकडे दुर्लक्ष

स्वयंपाकाच्या सिलिंडरसकट मोटरहोम बोगद्यातून जाते. सुट्टा सिलिंडर एक असेल तर ४७ किलोपर्यंत, एकापेक्षा जास्त असतील तर सगळे मिळून ५० किलो. गाडीला पक्की बसवलेली टाकी असेल तर ९३ किलोपर्यंत, आणि ती ८० टक्क्यांहून जास्त भरलेली नको. मात्र एलपीजी किंवा सीएनजीवर *चालणारी* गाडी बोगद्यात घेतच नाहीत. "पेट्रोलवर टाकून नेतो" हे बडोद्याच्या पंपावर चालतं, तिथे नाही. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीलाही बंदी आहे. अशी गाडी असेल तर बोटवाल्यांना विचारा.

बोट असो वा बोगदा, रेग्युलेटरवर विसंबू नका. सिलिंडरचा कॉक हाताने बंद करा, रांगेत लागायच्या आधी.

गॅस बंद म्हणजे फ्रिज बंद, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. मोटरहोमचा फ्रिज साधारणपणे गॅसवर, बाहेरच्या विजेवर किंवा इंजिन चालू असताना बॅटरीवर चालतो. बोटीवर तिन्ही नाहीत. डोव्हर-कॅलेच्या दीड तासात किंवा डंकर्कच्या दोन तासांत काही बिघडत नाही. पोर्ट्समथहून उत्तर स्पेनला बोट एका दिवसाहून जास्त वेळ घेते. तिथे भरलेला फ्रिज म्हणजे नासाडी. तसाही ब्रिटनमधून युरोपात दूध-मांसाचे पदार्थ न्यायला २०२१ पासून मनाई आहे. दही, पनीर, श्रीखंड, तूप संपवूनच निघा. भाकरवडी आणि लिलो चेवडो खुशाल ठेवा.

रॅम्पवर घाई

घोघा-हजिरा बोटीवर कार चढवली आहे, त्यात काय, असं वाटतं. मोटरहोमचं मागचं धूड चाकांच्या मागे दीड-दोन मीटर लोंबतं. डोव्हरला भरती-ओहोटीत पाणी पाच-सहा मीटर वरखाली होतं, त्यामुळे रॅम्पचा चढ दर फेरीला वेगळा. ओहोटीला सरळ जोरात गेलात तर मागचा भाग घासतो, आणि बहुतेकदा सांडपाण्याच्या टाकीचा नळ तुटतो. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, कर्मचाऱ्याच्या हाताकडे बघत चढवा. टाकी आधी रिकामी केलेली असावी.

बोटीवर हॅण्डब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि अलार्म बंद करा. हेलकाव्यांनी अलार्म वाजत राहतो आणि बॅटरी उतरते. गाडीच्या डेकवर प्रवासात थांबू देत नाहीत, म्हणून औषधं, स्वेटर, मुलांचं खाणं पिशवीत आधीच काढा. डेकचा नंबर लिहून घ्या.

नकाशा न बघता कॅलेच धरणं

बोगद्याचे ३५ मिनिटं हे आकर्षण खरं आहे, आणि ज्येष्ठ मंडळी, गुडघेदुखी किंवा बोट लागणारं कुणी बरोबर असेल तर मी बोगद्याच्याच बाजूने. गाडीतून उतरावं लागत नाही, वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होत नाहीत. पण जायचं नॉर्मंडीला असेल तर कॅलेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास उलटं यावं लागतं. लिटरला नऊ-दहा किलोमीटर देणाऱ्या गाडीला ते पस्तीस-चाळीस लिटर डिझेल, वर टोल आणि अख्खा दिवस. पोर्ट्समथहून थेट नॉर्मंडीची बोट महाग दिसते, ती हा हिशेब न केल्यामुळे. हॉलंड-बेल्जियमकडे जाणाऱ्यांनी डंकर्क बघावं: दोन तासांत चालकाचं जेवण आणि डुलकी दोन्ही होतं.

फ्रान्समध्ये उतरल्यावर गाडी उजवीकडून हाकायची हे टर्मिनलच्या पाट्या सांगतात आणि पहिले काही किलोमीटर पुढच्या गाड्यांमागे आपोआप जमतं. चुकतं ते पहिल्या पंपावरून किंवा विश्रांतीच्या जागेवरून बाहेर पडताना, रस्ता रिकामा असतो तेव्हा. तिथे शेजारच्या सीटवरच्या माणसाने प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, हे काम त्याला निघतानाच नेमून द्या.