विमा नसलेला रुग्ण घरी परततो तेव्हा : फार्मासिस्टसाठी काही सूचना

रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णाला विमा नसेल, तर डिस्चार्ज कार्डावरील प्रत्येक औषधाचा खर्च त्याच्याच खिशातून होणार असतो. पैसे अपुरे पडले की तो एखादे औषध गाळतो, आणि कोणते गाळायचे हे पुष्कळदा किमतीकडे पाहून ठरवतो. अडचण अशी, की यादीतले सर्वांत महाग औषधच अनेकदा सर्वांत आवश्यक असते. म्हणून हा निर्णय त्याने घरी एकट्याने घेण्यापूर्वी आपण त्याच्यासोबत बसून यादी तपासावी, आणि शक्य असल्यास ती रुग्णालयातून निघण्याच्या आदल्या दिवशीच तपासावी.

प्रथम तीन याद्या शेजारी ठेवाव्यात : दाखल होण्यापूर्वीची, रुग्णालयातील आणि घरी जातानाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधसुरक्षेची जी मोहीम सुरू केली, तिच्या तीन मुख्य विषयांपैकी एक उपचाराचे ठिकाण बदलताना होणाऱ्या चुकांचा होता, तो उगीच नव्हे. घरी पोटातील आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल असते, रुग्णालय त्याच गटातले पॅन्टोप्राझोल देते आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो. किंवा एकच औषध दोन ब्रँडनावांनी दोनदा विकत घेतले जाते. अतिदक्षता विभागात जठरातील व्रण टाळण्यासाठी सुरू केलेली गोळी कारण संपल्यावरही यादीत राहते. मात्र रुग्ण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधे एकत्र घेत असेल, तर तीच गोळी त्याला पोटातील रक्तस्रावापासून वाचवत असू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यावर काट मारू नये.

यानंतर उरलेल्या यादीतील ज्या औषधांत एक दिवसाचाही खंड चालणार नाही, त्यांवर ठळक खूण करावी. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधे, इन्सुलिन, अपस्माराची (फिट्सची) औषधे आणि दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइड्स ही त्यांतली प्रमुख होत. रक्तदाब आणि हृदयाची गती कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधेही अचानक बंद करू नयेत, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

खर्च कमी करण्याचा पहिला मार्ग अर्थातच जेनेरिक औषधांचा. फेनिटोइन (अपस्मारासाठी), वॉरफरिन (रक्तगुठळी रोखण्यासाठी), लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडसाठी) यांसारख्या औषधांत मात्र थोडा फरकही महत्त्वाचा ठरू शकतो, म्हणून उत्पादक वारंवार बदलू नये, आणि बदललाच तर रक्ततपासणीची आठवण करून द्यावी. संयुक्त गोळीपेक्षा तिचे घटक सुटे घेणे कधी स्वस्त पडते, कधी उलटे असते, म्हणून दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. गोळी अर्धी करण्याचा सल्ला मधोमध रेघ असलेल्या साध्या गोळीपुरताच द्यावा. सावकाश विरघळणारी किंवा आतड्यात उघडणारी गोळी कधीही तोडू नये. वॉरफरिन नव्या रक्तगुठळीरोधक औषधांपेक्षा स्वस्त असते खरे, पण त्याबरोबर येणाऱ्या आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या) तपासण्यांचा खर्च आणि हेलपाटे मोजल्याशिवाय त्याला स्वस्त म्हणू नये. इन्सुलिनचा प्रकार बदलताना मात्रा आणि वेळ दोन्ही बदलू शकतात, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हावा. साहाय्य योजनांचे अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत पुरतील इतकी औषधे रुग्णाच्या हाती असल्याची खात्री करून घ्यावी.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत फोन करावा. ‘औषधे नीट घेता ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते, म्हणून तो विचारूच नये. त्याऐवजी ‘सगळी औषधे एकदम विकत घेणे पुष्कळांना जमत नाही, तुमची कोणती आणायची राहिली आहेत?’ असे विचारल्यास संकोच कमी होतो. मग गोळ्यांची पाकिटे समोर घेऊन कोणती केव्हा घेतो, हे त्यालाच सांगायला लावावे. फोन ठेवण्यापूर्वी प्रत्येक औषध कोणत्या तारखेला संपेल हे टिपून घ्यावे, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करावा.