शार्कच्या जुन्या दातावरून त्या वेळचा समुद्र कसा ओळखायचा

अमेरिकेत मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सला, म्हणजे जिथे कड्यांतून शार्कचे जुने दात निघून काठावर येतात तिथे, जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून जा, वादळ होऊन गेलेलं असेल तर अजूनच चांगलं. कड्याखाली जायचं नाही, कडा खणायचा तर अजिबातच नाही, दरडी खरोखर कोसळतात तिथे. पाण्याच्या काठाची बारीक खडी चाळा आणि मिळालेले दात साध्या पाण्याने धुवा. व्हिनेगरमध्ये ठेवा म्हणून सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, ॲसिड दातच खातं.

काळा दात जुना आणि फिका नवा हेही खोटं. दात ज्या गाळात पडून होता तिथल्या खनिजांचा तो रंग असतो, वयाचा काही संबंध नाही.

आता खरं अवघड काम, दात कुठल्या शार्कचा ते ठरवणं. मी इथे खूप काळ अडकलो होतो, कारण एकाच शार्कचे वरचे आणि खालचे दात इतके वेगळे असू शकतात की दोन वेगळे प्राणी वाटावेत. हेमिप्रिस्टिस या शार्कच्या प्रकाराचंच बघा, वरचा दात रुंद, एका बाजूला झुकलेला, त्याच्या कडा करवतीसारख्या जाड दातेरी पण टोकाच्या जरा आधी दाते थांबतात आणि टोक गुळगुळीत राहतं. खालचा मात्र दाभणासारखा बारीक, बुडाशी दोनचार छोटी टोकं. टायगर शार्कची कडही दातेरीच, पण तिला एका बाजूला खोल खाच असते आणि वरचा-खालचा दात जवळपास सारखा. भिंग घेतल्याशिवाय नाव ठरवूच नका! लाटांनी कड घासली की दातेरी दातसुद्धा गुळगुळीत दिसतो, म्हणून मुळाजवळची कड आणि खाचेचा आतला भाग तपासा, तिथे दाते टिकण्याची शक्यता जास्त. मूळच तुटलं असेल तर सरळ "माहीत नाही" लिहा, अंदाजाने मेगालोडॉन (नामशेष झालेला महाकाय शार्क) करून टाकू नका प्लीज.

एवढी कटकट कशासाठी, तर शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो क्वचितच टिकतो, मागे उरतात ते दात. हेमिप्रिस्टिसची आज एकच जात जिवंत आहे, ती हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकच्या उबदार, किनाऱ्यालगतच्या पाण्यात राहते. तिच्या नातेवाइकाचे दात मेरीलँडला मिळतात म्हणजे 1 ते 2 कोटी वर्षांपूर्वी तिथला समुद्र आजच्यापेक्षा उबदार असणार. पण एकट्या दातावर भरवसा ठेवू नका, सोबत काय काय मिळतंय ते बघा. बारीक दात फेकून फक्त मोठे ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, समुद्रात एकंदर कोण कोण होतं ते कळतं सगळे दात एकत्र ठेवले तरच. आणि किनाऱ्यावर वेगवेगळ्या थरांतले दात मिसळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक पुडीवर जागा आणि तारीख लिहाच. कड्यातच रुतलेलं हाड दिसलं तर हात न लावता फोटो काढा आणि सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियमला कळवा.